दुर्गा रागाचे स्वर पियानोवर: ‘लिउयांग नदी’च्या १९७२ सालच्या रूपांतराचा प्रकरण अभ्यास

शांघायच्या संगीत महाविद्यालयात घडलेले संगीतकार वांग जियानझोंग (१९३३–२०१६) यांनी १९७२ साली हूनान प्रांतातील ‘लिउयांग नदी’ हे गाणे एकल पियानोसाठी बांधले. वाजवायला काही मिनिटेच लागणारी ही रचना आज चीनमधील पियानो शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या वादनातील आहे. ती ऐकताना मनात येणारा पहिला प्रश्न साधा असतो: ज्या गाण्यात एका सुरावटीपलीकडे काही नाही, ज्याला कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) गरज कधी भासली नाही आणि ज्याचे सौंदर्य स्वरांपेक्षा स्वरांमधल्या वळणांत अधिक आहे, ते गाणे एका सुरावर ठोका देऊन लगेच विरत जाणाऱ्या, मींड (स्वरावरून स्वरावर सरकत जाणे) नसलेल्या वाद्यावर नेताना नेमके काय करावे लागते?

लोकगीत आणि पियानो यांच्या जोडणीबद्दल बोलताना ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ असे म्हणून विषय संपवण्याची रीत पडली आहे. मला ती पटत नाही, कारण त्यात कोणी काय सोडले आणि कोणी काय घेतले याचा हिशेब लागत नाही. या प्रकरणात तो हिशेब बऱ्यापैकी स्पष्ट मांडता येतो. माझे म्हणणे असे की हे रूपांतर तगले याचे श्रेय पियानोच्या अंगावर चढवलेल्या चिनी अलंकारांपेक्षा पियानोकडून सोडवून घेतलेल्या एका जुन्या सवयीला अधिक आहे. ती सवय म्हणजे प्रत्येक सुराखाली तिसऱ्या-तिसऱ्या स्वरांची उतरंड रचून शेवटी गाण्याला ठराविक घरी पोहोचवण्याची.

गाणे

लिउयांग ही हूनानमधील नदी. डोंगरातून निघून ती छांगशा शहरापाशी श्यांग नदीला मिळते. तिच्या नावाचे हे गाणे ‘हूनानचे लोकगीत’ म्हणून सर्वत्र ओळखले जात असले, तरी त्याचे शब्द फार जुने नाहीत. १९५० च्या दशकाच्या अगदी आरंभी, जमीनसुधारणेच्या मोहिमेच्या काळात, श्यू शूहुआ यांनी ते एका छोट्या नृत्यनाट्यासाठी लिहिले आणि चाल स्थानिक लोकसंगीताच्या वळणाची ठेवली गेली. चालीचे कर्तेपण एका व्यक्तीकडे बोट दाखवून सांगता येईल असे नाही, आणि लोकवळणाच्या चालींच्या बाबतीत हे स्वाभाविकच आहे. आपल्याकडेही शाहिरी चालींवर नवे शब्द चढले, ते चार गावांत पोचले आणि दोन दशकांत ‘पारंपरिक’ ठरले, अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

गाण्याची रचना प्रश्नोत्तराची आहे. पहिल्या कडव्यात विचारले जाते की लिउयांग नदी किती वळणे घेते, श्यांग नदीपर्यंत पाण्याची वाट किती ली (अंतराचे चिनी माप) आहे, काठी कोणता तालुका आहे आणि तेथून कोण निघाले ज्याने लोकांना मुक्तीकडे नेले. दुसरे कडवे उत्तर देते: नऊ वळणे, पन्नास ली, श्यांगतान आणि अध्यक्ष माओ. श्यांगतान ही माओंची जन्मभूमी असल्याने गाण्यातला भूगोल थोडा ओढून आणलेला आहे, पण शब्दांचा खेळ मात्र अस्सल ग्रामीण आहे. कोड्यासारखे विचारायचे आणि कोडे सुटल्याच्या आनंदात सांगायचे, ही पद्धत तेथील गीतांमध्ये खोल रुजलेली आहे. ओळीअखेरीस ‘आ यी या यी झी यो’ असे अर्थहीन पालुपद येते. आपल्या ‘जी जी रं जी’ सारखेच ते शब्द नसलेले शब्द असतात, आणि गळ्याला खरी मोकळीक तेथेच मिळते.

रूपांतराच्या दृष्टीने येथे एक बाब कळीची आहे. प्रश्न आणि उत्तर या दोन्ही कडव्यांची चाल एकच आहे. दोहोंतला फरक सगळा शब्दांनी पेललेला आहे. पियानोवर शब्द नाहीत. म्हणजे ज्या क्षणी गाणे पियानोवर येते, त्या क्षणी त्यातून माओंचे नाव जसे नाहीसे होते, तसेच प्रश्न आणि उत्तर यांतले अंतरही नाहीसे होते, आणि ते अंतर पुन्हा निर्माण करण्याचे काम रूपांतरकाराच्या माथी येते.

पेच कसा आला

१९७२ मध्ये एका पात्र, प्रशिक्षित संगीतकाराने स्वतंत्र सोनाटा न लिहिता गाण्याचे रूपांतर का केले, हे समजण्यासाठी आधीची सहा वर्षे पाहावी लागतात. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर पियानो हे भांडवलदारी घरातले परदेशी वाद्य ठरले. घराघरांतून वाद्ये फोडली गेली, शोपाँ आणि बेटहोवन वाजवणे गुन्ह्यासारखे झाले. शांघायची अत्यंत गुणी पियानोवादक गू शेंगयिंग हिने १९६७ च्या आरंभी आई आणि भाऊ यांच्यासह जीवन संपवले. ती तेव्हा तिशीच्या आतली होती. शांघाय संगीत महाविद्यालयाचे प्रमुख हे लुटिंग (‘हे’ हे त्यांचे आडनाव) यांच्यावर जाहीर सभांत आरोपांचा मारा झाला, १९६८ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले गेले आणि १९७३ पर्यंत ते तेथेच होते. म्हणजे हे रूपांतर लिहिले जात असताना, चिनी पियानो-संगीताची पहिली खूणगाठ बांधणारा माणूस कोठडीत होता. त्यांच्या त्या कामाकडे मी पुढे येणार आहे.

वाद्य वाचले ते एका वादकाच्या धाडसामुळे. १९६२ च्या मॉस्कोतील चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळवलेले यिन चेंगझोंग यांनी १९६७ मध्ये पियानो थेट तिआनानमेन चौकात नेऊन ठेवला आणि जमलेल्या लोकांना त्यांच्या ओळखीची क्रांतिगीते आणि पेकिंग ऑपेरातील पदे वाजवून दाखवली. पुढच्याच वर्षी ‘लाल कंदील’ या क्रांतिकारी ऑपेरातील पदांना पियानोची साथ देणारी त्यांची रचना अधिकृतपणे स्वीकारली गेली, आणि शियान शिंगहाई यांच्या १९३९ च्या समूहगानावरून एका गटाने बांधलेला ‘पीत नदी’ पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) १९७० मध्ये प्रथम सादर झाला. परदेशी ते चीनच्या कामी लावावे आणि जुने ते आजच्या कामी लावावे, या माओप्रणीत घोषणेच्या आधाराने पियानोला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतले गेले.

पण प्रवेश मिळाला तो अटींवर. परदेशी रचना वर्ज्य होत्या. स्वतःची नवी, शब्दांविना उभी असलेली रचना लिहिणे धोक्याचे होते, कारण तिचा ‘आशय’ काय, या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नसे. ज्या गाण्याचे शब्द सर्वांना पाठ आहेत आणि राजकीयदृष्ट्या निर्धोक आहेत, त्या गाण्याचे रूपांतर मात्र कोणी अडवू शकत नव्हते. म्हणून १९७० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात चिनी पियानो-संगीतात रूपांतरांची रांग लागली. चू वांगह्वा यांनी अंध वादक अबिंग यांच्या दोनतारी अर्हूवरील प्रसिद्ध रचनेला १९७२ मध्ये पियानोवर आणले. स्वतः वांग यांनी ‘लिउयांग नदी’नंतर १९७३ मध्ये सुओना या सनईसारख्या वाद्यावर वाजणारी ‘शंभर पक्षी फिनिक्सला वंदन करतात’ ही रचना आणि चिन या प्राचीन तंतुवाद्यावरची ‘मेइहुआ सान नोंग’ पियानोसाठी बांधली, आणि १९७५ मध्ये ‘चंद्राचा पाठलाग करणारे रंगीत ढग’. सक्तीच्या काळात इतके टिकाऊ काम झाले याने सक्तीला पुण्य लाभत नाही. गू शेंगयिंगच्या वयाचे, तिच्या ताकदीचे किती हात या काळात कायमचे थांबले, हे मनात ठेवूनच पुढचे वाचावे.

हातात कोणती साधने होती

वांग यांच्यापुढे कोरी पाटी नव्हती. १९३४ मध्ये रशियन संगीतकार अलेक्सांदर चेरेपनिन शांघायमध्ये असताना त्यांनी चिनी वळणाच्या पियानोरचनेसाठी १०० युआनचे पारितोषिक जाहीर केले होते. ते तेव्हा विद्यार्थी असलेल्या हे लुटिंग यांना ‘गुराख्याची बासरी’ या रचनेसाठी मिळाले. ती कोणत्याही एका लोकगीताचे रूपांतर नाही, पण तिने एक मार्ग दाखवून दिला: कॉर्डची साथ न देता दोन स्वतंत्र सुरावटी दोन हातांत खेळवायच्या. एक थांबली की दुसरीने चालायचे, जणू दोन मुले एकमेकांची वाक्ये पुरी करत आहेत. मधला भाग द्रुत आणि नाचरा, आणि पुन्हा आलेला पहिला भाग मात्र अधिक स्वरांनी नटलेला. या नटवण्याला चिनी वादक ‘फुले घालणे’ म्हणतात. मूळ सुरावटीचे खांब तसेच ठेवून मधल्या मोकळ्या जागांत हरकती भरत जाणे, असा त्याचा अर्थ.

दुसरे साधन सैद्धांतिक होते. ली यिंगहाई यांचा हान लोकांच्या सुरावटींच्या स्वरव्यवस्थेवरील आणि तिला साजेशा स्वरसंवादावरील ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्यांनी अनेक लोकगीते छोट्या पियानोरचनांमध्ये आणूनही दाखवली होती. कॉर्डमधला तिसरा स्वर काढून त्याजागी दुसरा किंवा चौथा बसवणे, किंवा तिसरा ठेवून शेजारचा एखादा स्वर वाढवणे, या युक्त्यांना त्यांनी शिस्त दिली. स्वतः वांग यांनीही तरुणपणी, १९५८ मध्ये, युन्नानच्या पाच लोकगीतांना पियानोवर आणले होते. तेव्हा १९७२ ची रचना ही अनुभवी हाताची आहे, आणि तशी ती ऐकूही येते.

षड्ज कुठला मानायचा?

या प्रकरणाचा गाभा येथे आहे, आणि सुदैवाने मराठी वाचकाला तो समजावून सांगणे पाश्चात्त्य वाचकाला सांगण्यापेक्षा सोपे आहे.

हान संगीतातील सुरावटींचा मोठा भाग पाच स्वरांच्या एकाच संचावर उभा असतो, आणि त्या पाचांपैकी कोणत्या स्वरावर गाणे विसावते यावरून पाच प्रकार होतात. त्यांची नावे गोंग, शांग, ज्युए, झी आणि यू. आपल्याकडे मूर्च्छना बदलून जे होते तेच हे. गोंग म्हणजे भूप रागाचे स्वर. त्याच पट्ट्या ठेवून रिषभाला षड्ज मानले की शांग, म्हणजे मधमाद सारंगाचे स्वर. गांधाराला मानले की ज्युए, म्हणजे मालकंसाचे. पंचमाला मानले की झी, म्हणजे दुर्गेचे. धैवताला मानले की यू, म्हणजे धानीचे. अर्थात हे साम्य स्वरसंचापुरतेच आहे. रागाचे चलन, वादी-संवादी, वर्ज्य जागा यांचा येथे काही संबंध नाही, आणि दुर्गेतली ‘म-प-ध-म-रे’ ही ओळखीची वाट या गाण्यात शोधू नये.

‘लिउयांग नदी’ झी प्रकारातली आहे. म्हणजे तिचे स्वर सा, रे, म, प, ध, आणि तिचा न्यास, म्हणजे विसावा, त्या सा वर. पियानोवर बसणाऱ्या, पाश्चात्त्य स्वरसंवादात वाढलेल्या माणसाला मात्र हे असे ऐकू येत नाही. त्याच्या कानाला तो संच भूपासारखाच ऐकू येतो, आणि गाणे पंचमावर लोंबकळत संपल्यासारखे वाटते. मग त्याचा डावा हात आपोआप खाली भूपाचा षड्ज ठेवू पाहतो. तो तसा ठेवला की एका क्षणात दुर्गेचा भूप होतो, गाणे ‘अपूर्ण’ ठरते, आणि ते ‘पूर्ण’ करण्यासाठी शेवटी एक जादा कॉर्ड जोडावीशी वाटते. तंबोरा चुकीच्या स्वराला लावून गायकाला बसवावे, तसा हा प्रकार आहे. चूक गायकाची नसतेच.

ही अडचण आणखी एका कारणाने तीव्र होते. पाश्चात्त्य कॉर्ड एकेक स्वर सोडून रचतात. भूपाच्या पाच स्वरांत अशी तीन स्वरांची पूर्ण कॉर्ड फक्त दोनच ठिकाणी मिळते: सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकी सर्व ठिकाणी संचाबाहेरचा मध्यम किंवा निषाद उसना आणावा लागतो. शुद्ध निषाद आणला की तो षड्जाकडे ओढ घेतो, आणि ही ओढ पाश्चात्त्य संगीतात वाक्य संपवण्याची मुख्य युक्ती आहे. पण त्या पाच स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच नसल्याने मूळ सुरावटीला ती ओढ ठाऊकच नाही. गाण्याला परकी असलेली घाई साथीतून शिरते, आणि ऐकणाऱ्याला चाल तीच असूनही काहीतरी बिघडल्यासारखे वाटते.

यावरचा उपाय चिनी संगीतकारांनी त्या पाच स्वरांच्या जन्मकथेतच शोधला. प्राचीन चिनी ग्रंथांत स्वरांची निर्मिती तारेची किंवा नळीची लांबी एक-तृतीयांशाने कमी-अधिक करत सांगितली आहे. म्हणजे एकापाठोपाठ एक पंचम घेत जाणे: सा पासून प, प पासून रे, रे पासून ध, ध पासून ग. आपल्या शब्दांत, हा सगळा संच षड्ज-पंचम भावातून उमललेला आहे, आणि उलट बाजूने पाहिले तर षड्ज-मध्यम भावाने बांधलेला. तेव्हा साथीच्या कॉर्डही त्याच नात्यांतून रचाव्यात: पंचमावर पंचम, मध्यमावर मध्यम, आणि या रचनांत आपसूक येणारे शेजारचे स्वर काढून न टाकता ठेवून द्यावेत. अशा कॉर्डला ‘घर’ कुठले हे ठासून सांगण्याची सवय नसते. ती सुरावटीला खालून उचलते, पण पुढे ढकलत नाही. षड्ज कुठला हे मग सुरावट स्वतः ठरवते.

वांग यांच्या रचनेत या मध्यम-पंचमी कॉर्ड आणि वाढीव स्वरांच्या कॉर्ड जागोजागी दिसतात, पण त्यांनी त्यांचा हट्ट धरलेला नाही. साधी सा-ग-प (भूपाच्या नावांनी) कॉर्डही ते बेलाशक वापरतात, विशेषतः जिथे गाण्याला उजेड हवा आहे तिथे. काही अभ्यासक याला तडजोड म्हणतील. मला ती योग्य वाटते, कारण गाण्याच्या स्वरांत ती कॉर्ड खरोखरच आहे आणि ती टाळणे हाही एक प्रकारचा परका आग्रहच झाला असता.

गुझेंगचा हात, पियानोचा हातोडा

दुसरा मोठा प्रश्न नादाचा. या रचनेत पियानोच्या मागे सतत गुझेंग ऐकू येते. हे लांबट पेटीवर ताणलेल्या तारांचे वाद्य असून आज त्याला सामान्यतः २१ तारा असतात. तारा पाच स्वरांच्या संचातच लावलेल्या असतात, त्यामुळे नुसता हात फिरवला तरी खालपासून वरपर्यंत गाण्याचेच स्वर झरझर वाहतात. उजव्या हाताने छेडायचे आणि घोडीच्या पलीकडे डाव्या हाताने तार दाबून स्वर वर ओढायचा किंवा थरथरवायचा, ही त्याची रीत.

पियानोवर बोट घसरवले तर काय मिळते? पांढऱ्या पट्ट्यांवर सात स्वर, म्हणजे संचाबाहेरचे दोन जादा. काळ्या पट्ट्यांवर मात्र नेमके पाच, आणि तेही याच संचाचे. पण काळ्या पट्ट्यांच्या बाहेरच्या कोणत्याही पट्टीत वाजवताना गुझेंगची ती लाट बोट घसरवून काढता येत नाही, ती स्वर-स्वर लिहावी लागते आणि बोटाबोटाने वाजवावी लागते. जे मूळ वाद्यावर तळहाताच्या एका सैल हालचालीत होते, ते पियानोवादकाला महिनाभर घासावे लागते. प्रस्तावनेतल्या आणि मधल्या भागातल्या पाण्यासारख्या लाटा ऐकायला सहज वाटतात, वाजवायला मुळीच नाहीत.

याच्या उलट एक सोय पियानोने गाण्याला दिली. उजव्या पायाचे पेडल दाबले की सर्व तारा मोकळ्या राहतात आणि वाजलेले स्वर एकमेकांत मिसळतात. सात स्वरांच्या संगीतात हे पेडल वारंवार उचलावे लागते, नाहीतर शेजारच्या अर्ध्या स्वरांची खिचडी होते. पाच स्वरांच्या संचात अर्धे अंतरच नसल्यामुळे पेडल कितीतरी लांबवर दाबून ठेवता येते, आणि सगळे स्वर एका धुक्यात तरंगत राहिले तरी बेसूर होत नाही. या रचनेतला नदीचा ओलावा मुख्यतः येथून येतो. दोन परंपरांचे येथे जे जुळले आहे ते शुद्ध भौतिक कारणाने जुळले आहे, आणि ते शोधून काढणाऱ्यांच्या कानाला दाद द्यायला हवी.

मींडेचा प्रश्न मात्र सुटत नाही, फक्त चुकवता येतो. ओढलेल्या स्वराच्या जागी वांग कणस्वर देतात: मुख्य स्वराआधी एक-दोन क्षणिक स्वर, खालून किंवा वरून टेकलेले. कानाला क्षणभर भास होतो की स्वर सरकत आला. आपल्याकडे पेटीवाल्यांनी हेच केले. पट्टीच्या वाद्याला मींड नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली आणि १९७१ पर्यंत ती बंदी चालली. त्याच काळात गोविंदराव टेंब्यांच्या परंपरेतल्या वादकांनी कणस्वर आणि खटके यांतून गळ्याचा भास उभा करण्याची कला कळसाला नेली. मी ‘लिउयांग नदी’ची चाल पेटीवर वाजवून पाहिली तेव्हा एक फरक प्रकर्षाने जाणवला. पेटीत भाता असल्यामुळे लांब स्वर धरून ठेवता येतो, पियानोत तो जन्मल्या क्षणापासून मरू लागतो. म्हणून पेटीवर ज्या जागी मी नुसता थांबलो, त्या जागी वांग यांना खाली काहीतरी वाहते ठेवावे लागले. त्यांच्या साथीची ती अखंड हालचाल सजावटीसाठी लिहिलेली आहे, असे मला आधी वाटत असे. आता वाटते की ती विझणाऱ्या स्वराला दिलेला श्वास आहे.

चाल तीच, उत्तर वेगळे

बांधणीच्या दृष्टीने रचना सरळ आहे. छोटी प्रस्तावना, मग संपूर्ण चाल, मग तीच चाल नव्या वेशात पुन्हा पुन्हा, आणि विरत जाणारा शेवट. चालीला मध्ये तोडून तिच्या तुकड्यांवर युरोपीय पद्धतीचा विस्तार केलेला नाही. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. कडव्याकडव्याने पुढे जाणाऱ्या गाण्याला त्याच्याच चालीने पुढे जाऊ दिले आहे, आणि बदल सगळा तिच्या भोवतालात केला आहे: सप्तक, दाटी, लाटांचा वेग, आवाजाचे वजन.

शब्दांबरोबर गेलेले प्रश्नोत्तर येथे परत येते. चाल पहिल्यांदा येते तेव्हा ती मधल्या सप्तकात, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर, फारशा दागिन्यांविना असते. पुढच्या आवर्तनांत तिच्यावर गुझेंगच्या हरकती चढतात, जागा भरत जातात. ज्याला शब्द ठाऊक आहेत तो ऐकणारा आपसूक पहिल्याला प्रश्न आणि पुढच्याला उत्तर मानतो, आणि ज्याला ठाऊक नाहीत त्यालाही कोणीतरी विचारले आणि कोणीतरी भरभरून सांगितले एवढे कळते. ‘आ यी या यी झी यो’च्या जागी मिळालेली मोकळीकही वांग यांनी वाया घालवलेली नाही. अर्थहीन पालुपदात गळा जसा सैल होतो, तसा तेथे पियानोचा उजवा हात सैल होतो.

जोड विसविशीत कुठे होते तेही सांगायला हवे. शेवटाकडे चाल भरघोस कॉर्डमध्ये येते आणि खाली डावा हात मोठमोठ्या लाटा उठवतो, तेव्हा कानाला हूनानपेक्षा १९ व्या शतकातील युरोपीय मैफिलीचा दिवाणखाना जवळचा वाटू लागतो. स्वर पाचच आहेत, पण बोलण्याची ऐट उसनी आहे. त्या काळात रचनेने भव्यतेकडे जाऊन संपावे अशी अपेक्षा सर्वच कलांकडून होती, आणि ‘पीत नदी’ कॉन्चेर्टोच्या यशाने ती अधिक पक्की केली होती. वांग त्या अपेक्षेला पूर्ण शरण गेले नाहीत, कारण भव्यतेनंतर ते गाण्याला पुन्हा शांत पाण्यावर आणून सोडतात. तरीही हा भाग मला सर्वांत कमी पटतो. पुढच्याच वर्षी सुओनाच्या रचनेवर काम करताना त्यांनी पक्ष्यांच्या आवाजांसाठी किती तरी खरबरीत, टोचणारे नाद वापरले. ते धैर्य त्यांना येथेही झेपले असते.

वाजवणाऱ्यापुढचा प्रश्न

आज ही रचना शिकणारी मुले ती छापील स्वरलिपीवरून शिकतात, आणि स्वरलिपीची मर्यादा येथे उघडी पडते. गुझेंगची लाट लिहिताना ती समान मात्रांच्या बारीक स्वरांत लिहावी लागते, आणि तशीच समान वाजवली की ती बोटांचा व्यायाम होते. मूळ हालचाल आरंभी रेंगाळते आणि वर जाताना वेग घेते. कणस्वरांचेही तेच. ते नेमक्या मात्रेत बसवले की टाचणीसारखे टोचतात, मुख्य स्वरावर कलले की वळण होतात. कोणता कण खालून ओढलेल्या तारेचा आहे आणि कोणता नुसत्या झटक्याचा, हे कागदावर दिसत नाही, कारण दोन्ही एकाच चिन्हाने लिहिलेले असतात. ते ठरवायला गुझेंगवादकाचा डावा हात पाहिलेला असावा लागतो.

वेगाची निवडही शब्द ठाऊक असल्याखेरीज नीट होत नाही. प्रश्न विचारणारा माणूस घाईत नसतो, पण कंटाळवाणाही नसतो. त्याला उत्तर ठाऊक आहे आणि समोरच्यालाही ते ठाऊक आहे हे तो जाणतो. हा खेळकरपणा चालीच्या लयीत मुरलेला आहे. पियानोवर पुष्कळदा ती इतकी संथ आणि भावविव्हल वाजवली जाते की नदीचे सरोवर होते. म्हणून ही रचना हाती घेणाऱ्याने पट्ट्यांना हात लावण्याआधी ती शब्दांसह, पालुपदासह गाऊन पाहावी, भाषा येत नसली तरी नाद अनुकरून गावी, आणि शेवटचा स्वर गाताना मनात तंबोरा त्याच स्वराला लावावा. मग डाव्या हातातल्या कॉर्ड त्या स्वराला खालून आधार देतात की त्याला दुसऱ्याच घरी ओढून नेतात, ते ज्याचे त्याला ऐकू येईल, आणि पेडल किती वेळ दाबून ठेवायचे हेही बहुधा तेथेच ठरेल.